अर्धलीनं दिलेल्या काळज्या

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतली सगळी माणसं मिळून वर्षभरात जेवढी काळजी करतात, तेवढी माझे व्याही एकटे सकाळच्या चहाच्या आत उरकतात. तुम्हाला ही अतिशयोक्ती वाटत असेल तर खुशाल वाटू द्या, तुम्ही त्यांना भेटलेला नाहीत. मी तेहतीस वर्षं नर्स म्हणून काढली, निम्मी वेल्ह्याच्या डोंगरात आणि निम्मी भोरात. रडणारी, पडणारी, सुई बघून खिडकीतून पळणारी, सगळ्या तऱ्हेची माणसं माझ्या हाताखालून गेली. पण ऊन छान पडलेलं, पोट भरलेलं, घरात सगळे धडधाकट, अशा वेळी कपाळाला हात लावून "सगळं लई बरं चाललंय नर्सबाई, म्हंजी कुटंतरी कायतरी शिजतंय" असं म्हणणारा माणूस मला आयुष्यात एकच मिळाला. आणि नेमकी त्याच्याच घरात मी माझी लेक दिली.

तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याहून तासभर चढून गेलं की धारेवर सात-आठ घरांची वाडी लागते. तिथं यांचं घर, थोडी भातखाचरं आणि चाळीसेक शेरडं, म्हणजे आपल्या शेळ्या हो. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली, मुलगा एकच. त्या मुलासाठी ते आमच्याकडं मुलगी बघायला आले, तेव्हा पोहे पुढ्यात, मुलगी पुढ्यात आणि यांची नजर आमच्या आढ्याला लागलेली. मला वाटलं, माणूस लाजाळू दिसतो. पाच मिनिटांनी म्हणाले, "पाव्हणं, ह्यो तिसरा वासा वाळवीनं खाल्लाय. शिडी हाय का?" आमचे हे बिचारे शिडी आणायला धावले. "अहो, आधी मुलगी तरी बघा," असं मी म्हणेपर्यंत हे कौलांवर! त्यांना आवरायला आमचे हे वर चढले, आणि वाशाला टेकू देता देता दोघांनी सोयरीक वरच जमवून टाकली. खाली नवरा मुलगा एकटाच पोहे खात बसला होता. "पोरगी बगितली की म्या," व्याही खाली उतरल्यावर म्हणाले, "शिडी तिनंच धरलीती. घट धरलीती." त्या दिवसापासून मी त्यांची विहीण झाले खरी, पण त्यांच्या तोंडी मी नर्सबाईच राहिले. नातं काय, उद्या बिघडलं तर? नर्स कुठं जात नाही, असा त्यांचा हिशेब.

रविवारी तोरण्यावर पुण्याची पोरं-पोरी चढायला येतात. त्यांचं बरंवाईट त्यांच्या आईबापांनी बघावं, नाही का? पण व्याही पहाटेपासून अंगणात बसून चढणारी डोकी मोजायचे, शेरडं मोजावीत तशी, आणि संध्याकाळी तेवढीच उतरली तरच हात धुऊन जेवायला बसायचे. एकदा त्रेपन्न चढली आणि बावन्न उतरली. झालं! काठी घेतली, घोंगडी घेतली आणि निघाले गडावर. ते त्रेपन्नावं पोरगं आपलं निवांत डोंगराच्या सोंडेवरून राजगडाकडं निघून गेलं होतं, त्याचा बेतच तसा होता. हे समजल्यावर व्याही जे संतापले! "जायाचं तर जा की बाबा, पन सांगून जा. हितं मानूस जेवायचं थांबलंय!"

आता अशा माणसाचं ब्लडप्रेशर वर जाणार नाही तर काय खाली येणार? ते तसं वर होतंच, गोळ्या चालू होत्या, आणि आम्ही सगळ्यांनी ते चालवून घेतलं होतं. पण मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि गाडं अडलं. सुरुवातीला कुणाला कळू देत नव्हते. एका बाजारच्या दिवशी आमच्या दारात आले आणि पाण्याच्या निळ्या पिंपाला वाकून म्हणाले, "रामराम व्याही, तब्येत सुदारली जनू!" आमचे हे पायरीवर पेपर वाचत बसले होते. ते त्या सुधारलेल्या तब्येतीबद्दल आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हते, जसं काही पिंप मीच तिथं ठेवलं होतं. दुसऱ्यांदा व्याह्यांनी एका ट्रेकिंगवाल्याची काळी पाठपिशवी काठीनं ढोसत ढोसत, "हुर्र, चल की गं," करत शेरडांच्या वाड्याकडं नेली. पिशवी चालेना म्हणून तिला शिव्याही दिल्या. आम्ही हसून हसून मेलो, पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. भोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, दोन्हीदा टेबलापर्यंत नेऊन प्रेशर वर गेलं म्हणून परत पाठवलं. "मोतीबिंदू फार पिकलाय, आता लांबवलं तर अवघड होईल," त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आणि बाहेर बाकावर व्याही बसले होते ते म्हणाले, "आता तिसऱ्यांदा म्हागारी धाडला तर म्या काय भोरला येत न्हाई नर्सबाई. आंदळा तर आंदळा." हा माणूस बोलला म्हणजे करणार. वाडीच्या दोन बाजूंना कडा आहे.

तिसऱ्या तारखेला दीड महिना हातात होता. मी म्हटलं, औषध आहेच, पण या माणसाचं डोकं शांत केल्याशिवाय गाडी पुढं जायची नाही. दर बाजारच्या दिवशी माझी लेक त्यांना हाताला धरून नसरापूरमार्गे भोरला आणायची, त्यांना माझ्यापुढं बसवायची आणि स्वतः स्वयंपाकघरात भाकरी टाकायला जायची. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधायचे आणि ओरडायचे. पहिल्याच खेपेला मी त्यांना ताणाचा प्लॅन करायला सांगितला. "वहीत दोन रकाने पाडा. एकीकडं कशाकशाचा ताण येतो ते लिहा, दुसरीकडं त्यावर उपाय. मोकळा श्वास, जरा ध्यान, वेळेवर झोप. स्वतःचा स्वतः प्लॅन करायचा." व्याही गंभीर झाले. मी श्वास शिकवला: चार मोजत आत, चार मोजत बाहेर. आत घेतला आणि थांबले, डोळे मोठे करून. म्हटलं, "सोडा की!" तर म्हणाले, "आत गेल्याला भाईर आलाच न्हाई तर, ह्या इचारात व्हतो." प्रेशर दहानं वर. ध्यानाला डोळे मिटायला सांगितले तर, "मिटलं की शेरडं कोन बगंल?" आणि चालण्याचं सांगण्यात काही अर्थच नव्हता, शेरडांमागं रोज ते माझ्या साऱ्या पेशंटांपेक्षा जास्त चालतात.

पुढच्या खेपेला वही आली. अक्षर माझ्या लेकीचं, मजकूर व्याह्यांचा. पहिल्या रकान्यात चौऱ्याऐंशी काळज्या. बिबट्या, बस, भात, मोबाईलची रेंज, नातीची परीक्षा, भोरच्या बाजारात चप्पल हरवली तर, हरवलेली चप्पल दुसऱ्या कुणाला लागली तर. एकोणीस नंबरला "ताणाचा प्लॅन नीट जमला नाही तर" आणि वीस नंबरला "नर्सबाई रागावतील." दुसरा रकाना पांढराशुभ्र. मी रागावलेच. म्हटलं, "अहो व्याही, उपाय कुठायत?" तर गालातल्या गालात हसून म्हणाले, "रस्त्यानं येताना घावला. मला सांगा नर्सबाई, एका मानसाला इस शेरडं झेपत्यात. चाळीस झाली की आमी काय करतो?"

"विकता."

"इकतोय कशाला! अर्धलीनं देतो."

ही त्या डोंगरातली रीत आहे. शेळी आपल्याला झेपेना की शेजाऱ्याच्या दावणीला बांधायची. शेळी मालकाचीच, चारायची शेजाऱ्यानं, आणि जी पिल्लं होतील ती निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. जाताना शेळीच्या कपाळाला हळद लावतात, म्हणजे ती चांगल्या मनानं गेली. व्याही म्हणाले, माझ्या काळज्याबी मी अशाच देणार. नाव माझं, करायची त्यांनी, आणि निघेल ते निम्मं. मी तेहतीस वर्षांत नाना उपाय ऐकले, लसूण ऐकला, उलटी चप्पल ऐकली, पण असा नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडला. मी स्वतः स्वयंपाकघरातून हळदीची वाटी आणून दिली. इथंच माझं चुकलं!

काळजीला कपाळ नसतं, म्हणून पहिली हळद आमच्या ह्यांच्या कपाळाला लागली. त्यांच्याकडं एस.टी. दिली. वेल्ह्याची बस वेळेवर सुटेल का, ही व्याह्यांची फार जुनी काळजी. तिच्यापायी ते स्टँडवर दोन-दोन तास आधी जाऊन बसायचे. आमचे हे निवृत्तीनंतर नुसते घरात बसून होते, त्यांना कुणीतरी काम दिलं याचाच आनंद झाला. दुसऱ्या दिवसापासून रोज स्टँडवर चकरा, आणि ज्या बसमध्ये आपलं कुत्रंसुद्धा बसलेलं नाही तिच्यासाठी जीव खालीवर. बिबट्या गेला वाडीतल्या शेजाऱ्याकडं. तो आजवर बिबट्याचं नाव निघालं की कूस बदलून झोपणारा गडी, पण कपाळाला हळद लागल्यावर जबाबदारी आली ना? दिवसाढवळ्या डबा बडवत वाडीला फेऱ्या घालायला लागला. शेरडं बिबट्याला कधी घाबरली नाहीत तेवढी त्या डब्याला घाबरली. भात आणि पाऊस माझ्या जावयाकडं. तो नसरापूरच्या पुढं एका कंपनीत शिफ्टला असतो, आठवड्यातून एकदा घरी जातो. तो जेवणाच्या सुट्टीत फोन करून विचारायचा, "ढग कुठल्या बाजूला आहे?" नातीनं मात्र हळद लावूनच घेतली नाही. "परीक्षेची काळजी तुम्हीच ठेवा आजोबा, मला नको," म्हणाली. घराण्यात एवढीच शहाणी निघाली, माझ्यावर गेलीय.

गडावर चढणाऱ्या पोरांची काळजी सोडताना व्याह्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी ती पायथ्याच्या चहावाल्याला दिली. चहावाला हुशार. डोकी कोण मोजत बसणार? त्यानं कप मोजले. चढताना गेलेले कप आणि उतरताना गेलेले कप. आता उतरताना माणूस दमलेला असतो, दोन-दोन चहा घेतो. पहिल्याच रविवारी त्यानं निरोप धाडला: बावन्न चढली, अडुसष्ट उतरली. व्याही त्या आठवड्यात मला म्हणाले, "नर्सबाई, गडावर मानसं पैदा व्हाया लागली का काय?"

पण काही म्हणा, प्रेशर उतरू लागलं. एकशेनव्वदचं एकशेसत्तर, सत्तरचं साठ. वहीतल्या काळज्यांपुढं बरोबरच्या खुणा होत होत्या, व्याही पायरीवर बसून चक्क शीळ घालायचे, आणि मी शेजारीपाजारी सांगत सुटले की माझ्या व्याह्यांनी नवीन इलाज काढलाय. मलाही थोडं कौतुक हवंच होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही दवाखान्यात गेलो. पाहते तर दारात गर्दी. शेजारी, चहावाला, जावई, आणि घरातून माझ्या आधी निघालेले आमचे हे. माझी लेक तेवढी नव्हती, शेरडांपाशी कुणीतरी हवंच. मला वाटलं, बरं झालं, धीर द्यायला आलेत. कसला धीर! मालकाचं ऑपरेशन म्हटल्यावर हे सगळे व्यवहाराला जागून पिल्लं वाटून द्यायला आले होते. आमच्या ह्यांनी सुरुवात केली. "व्याही, बस सुटली, पण मागच्या चाकात हवा कमी वाटली आणि ड्रायव्हर खोकत होता. हवेची मी ठेवतो, खोकल्याची तुम्ही घ्या." शेजारी म्हणाला, "बिबट्या काय आला न्हाई. पन त्येला दोन बछडी असली तर एक तुमचं, एक माजं." चहावाल्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "सोळा मानसं जादा भरत्यात. आट तुमची." जावई तर सख्खा मुलगा, पण तोही म्हणतो, "आबा, पाऊस पडला तर भात लोळणार, न्हाई पडला तर करपणार. तुमाला ह्यातलं कंचं ठिवू?" आणि व्याही गादीवर बसून प्रत्येकाला मान डोलवत होते, निम्मं घेत होते, रीत म्हणजे रीत!

प्रेशर एकशेचौऱ्याण्णव.

डॉक्टर आले. "ही सगळी माणसं कोण?" मी म्हटलं, "यांच्या काळज्या सांभाळणारे." डॉक्टरांनी माझ्याकडं असं पाहिलं की आता पट्टा माझ्या दंडाला बांधतात की काय. "अर्धा तास देतो," ते म्हणाले, "खाली आलं तर ठीक, नाहीतर..." आणि व्याही चपला शोधायला खाटेखाली पाय फिरवू लागले. गेले म्हणजे गेले, पुन्हा हा माणूस येणार नव्हता. मी माझा दवाखान्यातला आवाज काढला, सगळ्यांना बाहेर हाकललं, आमच्या ह्यांनाही, आणि दार लावून घेतलं.

म्हटलं, "व्याही, दीड महिना मी तुमचं प्रेशर मोजतेय. एकशेसाठच्या खाली ते एकदाही आलं नाही. कुठली काळजी दिली नाहीत तुम्ही? खरं सांगा."

त्यांचे चपला शोधणारे पाय थांबले. मग म्हणाले, "एक ऱ्हायलीया. वहीत लिवली न्हाई, कारन लिवनारीच ती. तुमची लेक."

"तिचं काय?"

"दोन वरसं झाली, तिचं त्वांड म्या नीट बगितलं न्हाई. नुस्ता आवाज ऐकतो. 'बरी हाय मामा' म्हनती. आवाजाचं काय खरंय? शेरडू आजारी पडलं तर वरडत न्हाई नर्सबाई, त्येचं त्वांड बगावं लागतं. सांजला म्या शेरडं मोजतो. चुकतो. ती म्हनती, 'बरुबर हायत मामा.' आन् एखांदं ऱ्हायलं असंल तर गुपचूप डोंगरात जाऊन घिऊन येती. तिला वाटतं मला कळत न्हाई. पावलं वाजत्यात की. पानी ती, शेण ती, भात ती, आन् आता माजी शेरडंबी ती. ती सुकात हाय का न्हाई, कुनाला ईचारू? आन् तुमाला कशी देऊ ही काळजी? आईला ईचारायचं व्हय, तुमची लेक माज्या घरात वाळती का म्हून?"

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "ही माझी काळजी आहे. अर्धलीनं नाही, अख्खी. तिचं मी बघते. आणि तुम्ही डोळा करून घ्या आणि तुमच्या डोळ्यांनी बघा. माझं काही ऐकू नका, तिचंही ऐकू नका." ते हं म्हणाले आणि आडवे झाले. वीस मिनिटांनी मी पट्टा बांधला, एकशेअठ्ठेचाळीस. डॉक्टरांचा विश्वास बसेना, त्यांनी दुसऱ्या दंडावर मोजलं, तिथंही तेवढंच. अर्ध्या तासात व्याह्यांना आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा माझी लेक शेरडं शेजाऱ्याच्या हवाली करून नुकतीच पहिल्या गाडीनं येऊन माझ्यामागं उभी राहिली होती. डॉक्टरांनी बोटं पुढं धरली. "किती दिसतात, बाबा?" व्याह्यांनी बोटांकडं पाहिलंच नाही. डोळ्यातलं पाणी पुसलं, पुन्हा पाहिलं, डॉक्टरांच्या हाताच्या बाजूनं, माझ्या खांद्यावरून, तिच्याकडं.

"किती वाळलीस गं पोरी," ते म्हणाले.

"नाही मामा, बरी आहे की मी," लेक म्हणाली. तोच आवाज, जो मी दर बाजारच्या दिवशी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आणि ते म्हणता म्हणता ती खाटेच्या कडेला बसली आणि ओढणी तोंडावर घेऊन रडायला लागली. व्याही तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "निम्मी शेरडं देऊन टाकतो उद्याच. आन् नर्सबाई, हिला म्हैनाभर हितंच ठिवून घ्या, माजं म्या बगतो. मला आता दिसतंय."

मी तेव्हा तिच्याकडं बघितलं. गालाची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं, बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. एका दिवसात असं होत नाही. दर आठवड्याला ती माझ्याच स्वयंपाकघरात भाकऱ्या भाजत होती, आणि मी शेजारच्या खोलीत दुसऱ्याचं प्रेशर मोजत बसले होते. माझे तर दोन्ही डोळे चांगले होते. नाडी बघायचं निमित्त करून मी तिचा हात हातात घेतला. लहानपणी किती मऊ होता तो. आता खरखरीत झाला होता, आणि मी तो बराच वेळ सोडला नाही.